मदत हवी आहे: पोस्टपेड बिलात चुका, तक्रार नोंदवली आहे, तरी थकबाकीचे फोन थांबत नाहीत

निळाई

पोस्टपेड बिलाचा गुंता झाला आहे, जाणकारांनी मदत करा. सगळे आकडे कर वगळून देते.

बिलचक्र ५ तारीख ते पुढच्या महिन्याची ४ तारीख, एकूण ३० दिवस. भाडं आगाऊ आकारलं जातं. १७ तारखेपासून ६०० चा प्लॅन सोडून ४५० चा घेतला आणि त्याच दिवशी हा नंबर फॅमिली खात्यात टाकला. ताज्या बिलातल्या ओळी अशा:

मागील बाकी: ६००
पुढच्या महिन्याचं भाडं: ४५०
नवा प्लॅन, १८ दिवस: २७०
मूल्यवर्धित सेवा: ९९
आंतरराष्ट्रीय रोमिंग डेटा: २१२
विलंब आकार: ५०
एकूण: १६८१

आधीचं ६०० चं बिल २२ तारखेला, म्हणजे मुदतीच्या शेवटच्या दिवशी, बँकेच्या ॲपमधून भरलं. बँकेत व्यवहार यशस्वी दिसतो, पैसे परत आलेले नाहीत. ९९ ची सेवा कसली ते कळत नाही. रोमिंगचा प्रवास या बिलाच्या काळातला नाहीच, त्याच्या आधीचा आहे. तक्रार क्रमांक मिळाला आहे. तरी दिवसाला चार-पाच फोन येतात, घरच्यांच्या नंबरवरही येतात.

प्रश्न दोन. पूर्ण रक्कम भरून मग परतावा मागायचा, की निकाल लागेपर्यंत काहीच भरायचं नाही? आणि फोनवर नेमकं काय बोलायचं?

दशमान

दोन्ही नको. पूर्ण भरलंत की तुमची तक्रार त्यांच्या लेखी तातडीची राहत नाही. काहीच भरलं नाहीत तर जी रक्कम तुम्हालाही मान्य आहे तीसुद्धा थकबाकीत जाते आणि तुमची बाजू लंगडी पडते. बिल दोन भागांत तोडा: मान्य आणि अमान्य. मान्य भाग मुदतीच्या आत भरा, अमान्य भाग ओळीगणिक लेखी कळवा.

आधी भाड्याचा हिशेब. जुन्या प्लॅनचे ६०० तुमच्याकडून आगाऊ आकारले होते, पण तो प्लॅन ५ ते १६ असा १२ दिवसच चालला. उरलेल्या १८ दिवसांचे ६०० × १८ ÷ ३० = ३६० वजा व्हायला हवेत. नव्या प्लॅनचे १८ दिवसांचे २७० आणि पुढच्या महिन्याचे ४५० बरोबर आहेत. म्हणजे भाड्यापोटी देणं ४५० + २७० − ३६० = ३६०. बिलात वजावटीची ओळच नाही. खातं बदललं की ही चूक हमखास होते, कारण वजावट जुन्या खात्यावर पडते आणि नवं भाडं नव्या खात्यावर. जुन्या खात्याचं शेवटचं बिल उघडून बघा, तिथे ३६० उणे दिसण्याची शक्यता दाट आहे.

हरवलेल्या ६०० चंही मूळ तेच असावं. बँकेच्या ॲपमध्ये बिल भरण्यासाठी साठवलेला क्रमांक जुन्या खात्याचा असणार. खातं १७ ला बदललं, पैसे २२ ला गेले. पैसे कंपनीपर्यंत पोचले, पण ज्या खात्यावर पडले ते बंद झालेलं. अशा वेळी 'पेमेंट मिळालं का' असं विचारू नका, 'नाही' हेच उत्तर येईल, कारण समोरची व्यक्ती फक्त नवं खातं उघडून बघते. बँकेचा व्यवहार क्रमांक, तारीख, रक्कम आणि जुना खाते क्रमांक द्या आणि 'जुन्या खात्यावरची जमा नव्या खात्यावर वळवा' असं स्पष्ट सांगा. आणि बँकेच्या ॲपमधला तो जुना क्रमांक आजच काढून टाका, नाहीतर पुढचं बिलही तिकडेच जाईल.

विलंब आकाराचे ५० वेगळे भांडू नका. ६०० वेळेत भरल्याचं सिद्ध झालं की ते आपोआप निराधार ठरतात. मात्र ते रद्द करणारी उलट नोंद आपोआप होत नाही, ती मागावी लागते.

काजवा

रोमिंगच्या २१२ बद्दल: हा आकडा बरोबर असू शकतो. परदेशातलं नेटवर्क वापराच्या नोंदी फाइल बनवून तुमच्या कंपनीला पाठवतं, आणि बिल छापलं जाईपर्यंत त्या आल्या नसतील तर पुढच्या बिलात येतात. म्हणून बिलाचा महिना बघू नका, सविस्तर बिलातली प्रत्येक नोंदीची तारीख आणि वेळ बघा. वेळ तिथल्या घड्याळाची आहे की इथल्या, तेही तपासा. मध्यरात्रीच्या आसपासच्या नोंदी त्यामुळे एक दिवस पुढेमागे दिसतात.

एकच जागा खरी तपासण्यासारखी असते. रोमिंग पॅक सुरू होण्याआधी उघडलेलं डेटा सत्र. विमानातून उतरल्यावर फोन चालू केला, पार्श्वभूमीत फोटोंचा बॅकअप सुरू झाला आणि पॅक दहा मिनिटांनी लागू झाला, तर ते पहिलं सत्र मूळ दराने आकारलं जाऊ शकतं. पॅक सुरू झाल्याचा एसएमएस आणि नोंदीची वेळ शेजारी ठेवून बघा. पॅक आधी आणि नोंद नंतर असेल तर तक्रार करा, नाहीतर भरून टाका.

आता ९९. सविस्तर बिलात त्या ओळीसमोर सेवेचं नाव किंवा एखादा छोटा क्रमांक असतो. आधी सेवा बंद करा आणि बंद झाल्याचा एसएमएस जपून ठेवा, कारण नुसता परतावा घेतला तर पुढच्या महिन्यात ९९ पुन्हा लागतील. मग संमतीची नोंद मागा: कोणत्या तारखेला, किती वाजता, कुठल्या मार्गाने सेवा सुरू झाली, एसएमएसने की वेबपानावरून. मोबाइल डेटावर असताना काही पानांना तुमचा नंबर नेटवर्ककडूनच मिळतो, त्यामुळे जाहिरातीचं चित्र बंद करायला दाबलेली फुली म्हणजे 'होकार' ठरू शकतो. वायफायवर हे सहसा होत नाही. म्हणून वेळ महत्त्वाची. शेवटी, नंबरवर तिसऱ्या पक्षाची, म्हणजे बाहेरच्या कंपन्यांच्या सेवांची, आकारणी कायमची बंद करायला सांगा. ही सोय बहुतेक कंपन्यांकडे असते, पण स्वतःहून कोणी सांगत नाही.

निळाई

जुन्या खात्याचं शेवटचं बिल सापडलं. त्यात ३६० उणे आहेत आणि ६०० जमा दिसतात! रोमिंगच्या नोंदी पॅक सुरू होण्याच्या आधीच्या आहेत, म्हणजे २१२ मान्य. तक्रार उघडी असताना फोन का येतात, हे मात्र अजून समजलं नाही.

ओळखपाळख

कारण तक्रारीची यंत्रणा आणि वसुलीची यंत्रणा वेगळी असते. वसुलीची यादी ठरावीक दिवशी बिलिंगमधून निघते. त्यात खाते क्रमांक, एकूण थकीत रक्कम, किती दिवस उलटले आणि संपर्काचे नंबर, एवढंच असतं. तक्रार क्रमांक त्या यादीत नसतो. फोन करणाऱ्या मुलीच्या पडद्यावर १६८१ दिसतात, बाकी काही नाही. तिच्यावर ओरडून तिला काही करता येत नाही, आणि ती तक्रार घेऊही शकत नाही.

म्हणून तक्रारीत एक स्वतंत्र मागणी लिहावी लागते: 'वादातली रक्कम निकाल लागेपर्यंत वसुलीतून बाजूला ठेवा.' तशी खूण खात्यावर लागली की पुढच्या यादीत रक्कम कमी होते किंवा नाव येतच नाही. ही खूण लागल्यावरही दोन-तीन दिवस फोन येतील, कारण आधी निघालेली यादी बाहेरच्या एजन्सीकडे फिरत असते.

फोनवर काय बोलायचं, क्रमाने सांगतो.

पहिलं, समोरचा खरा आहे का ते ठरवा. कंपनी, एजन्सी, स्वतःचं नाव आणि खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक त्यांनी सांगायचे, तुम्ही नाही. ओटीपी, कार्डाचा क्रमांक किंवा 'ही लिंक दाबून लगेच भरा' असं आलं की फोन ठेवा आणि बिलावर छापलेला नंबर स्वतः लावा. खऱ्या थकबाकीदारांना गाठणारे भामटेही असतात. रक्कम त्यांना ठाऊक आहे म्हणून ते खरे, असं धरू नका.

दुसरं, एकच वाक्य: 'या बिलातली अमुक रक्कम वादात आहे, तक्रार क्रमांक अमुक, मान्य रक्कम अमुक तारखेला भरली आहे. हे तुमच्या नोंदीत लिहा आणि पुढचं सगळं लेखी पाठवा.' नोंद लिहिली का, ते विचारा आणि फोन संपवा.

तिसरं, आणि इथेच बहुतेक जण फसतात. 'मग कधी भरताय?' या प्रश्नाला फोन टाळण्यासाठी तारीख देऊ नका. ती तारीख 'भरण्याचं आश्वासन' म्हणून नोंदली जाते. तो दिवस गेला की 'आश्वासन मोडलं' अशी खूण लागते, फोन वाढतात आणि वादातली रक्कम तुम्ही मान्य केली होती असाही अर्थ निघतो.

घरच्यांच्या नंबरबद्दल: तो पर्यायी संपर्क म्हणून अर्जात दिलेला असतो. तो काढायला लेखी सांगा आणि तुमची थकबाकी तिसऱ्या माणसाला सांगण्यावर तिथेच हरकत नोंदवा. नुसतं ब्लॉक करून भागत नाही, आपोआप फोन लावणारी यंत्रणा (डायलर) नंबर बदलून लावते. एका वहीत तारीख, वेळ, आलेला नंबर, नाव आणि काय बोलणं झालं ते लिहीत जा. 'खूप फोन येतात' यापेक्षा 'सहा दिवसांत तेवीस, त्यातले नऊ घरच्यांना' हे कुठल्याही अधिकाऱ्यापुढे जास्त वजनाचं ठरतं.

दशमान

तर मान्य रक्कम ३६० + २१२ = ५७२. अमान्य ६०० + ३६० + ९९ + ५० = ११०९. बेरीज १६८१, जुळली. कर प्रत्येक ओळीवर वेगळा धरा, आणि परताव्यातही कर परत आला का ते बघा. ९९ परत आणि त्यावरचा कर तसाच, हे नेहमी घडतं.

एक धोका. अर्धवट भरलेली रक्कम संगणक बहुधा सर्वात जुन्या बाकीत वळवतो. तुमचे ५७२ त्या जुन्या ६०० मध्ये जातील आणि चालू भाडं थकीत दिसेल. म्हणून भरण्याच्याच दिवशी हा मजकूर ईमेलने पाठवा:

'खाते क्रमांक …, बिल दिनांक …, तक्रार क्रमांक …. एकूण १६८१ पैकी ५७२ (भाडं ३६०, रोमिंग २१२) आज भरले आहेत, व्यवहार क्रमांक …. ही रक्कम चालू आकारणीतच जमा करावी. पुढील ११०९ अमान्य: (१) ६००, जुन्या खात्यावर २२ तारखेला भरले, पावती सोबत, (२) ३६०, जुन्या प्लॅनच्या १८ दिवसांची वजावट, जुन्या खात्याचं बिल सोबत, (३) ९९, संमतीची नोंद द्यावी अन्यथा रद्द करावेत, (४) ५०, मुद्दा १ मुळे निराधार. निकालापर्यंत ११०९ वसुलीतून बाजूला ठेवावेत, त्यावर विलंब आकार लावू नये व सेवा रोखू नये. उत्तर लेखी द्यावं.'

कर धरून आकडे बदला. चॅटवर बोललात तर संवाद संपण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, खिडकी बंद झाली की तो संवाद पुन्हा हाती लागेलच असं नाही.

निळाई

ऑटोपे चालू आहे, ते राहू दे का? आणि नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट केला तर हे सगळं सुटेल का?

काजवा

ऑटोपे आत्ता बंद करा, नाहीतर मुदतीच्या आसपास पूर्ण रक्कम उचलली जाईल. बंद केल्याची सूचना अंमलात यायला वेळ लागू शकतो, म्हणून कंपनीच्या ॲपमध्ये आणि बँकेत, दोन्हीकडे रद्द करा. बँकेतून आधीचा व्यवहार उलटवण्याच्या फंदात इतक्यात पडू नका. तसं झालं की कंपनीच्या दप्तरी ते 'न भरलेलं बिल' होतं आणि आउटगोइंग बंद होऊ शकतं.

पोर्टिंगने देणं मिटत नाही. थकबाकी दाखवून विनंती अडवली जाऊ शकते, आणि नंबर गेला तरी जुन्या खात्याचं अंतिम बिल मागे लागतं, तेव्हा तर ग्राहक म्हणून तुमचा आवाजही उरत नाही. आधी हिशेब शून्यावर आणा. आणि एजन्सीने 'अर्धे भरा, मिटवून टाकू' म्हटलं तर थांबा. तडजोड झालेलं खातं आणि पूर्ण चुकतं झालेलं खातं यांची पतनोंद वेगळी होते.

ओळखपाळख

कंपनी उत्तरच देत नसेल तर पुढची पायरी देशागणिक वेगळी आहे. इथले वाचक ठिकठिकाणी आहेत म्हणून थोडक्यात. भारतात दूरसंचार नियामक ट्राय वैयक्तिक तक्रारी स्वतः सोडवत नाही. २०१२ च्या नियमांप्रमाणे आधी कंपनीचं तक्रार केंद्र, मग त्याच कंपनीचं अपील प्राधिकरण. अपिलाला शुल्क नाही, निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. ब्रिटनमध्येही तिथला नियामक ऑफकॉम वैयक्तिक वाद सोडवत नाही, तिथे कंपनी ज्या स्वतंत्र तंटा निवारण योजनेची सभासद आहे तिच्याकडे जायचं. अमेरिकेत तिथल्या नियामकाकडे, एफसीसीकडे, विनाशुल्क अनौपचारिक तक्रार करता येते, ती कंपनीला पोचली की ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ऑस्ट्रेलियात दूरसंचाराचा वेगळा ओम्बड्समन, म्हणजे स्वतंत्र तक्रार निवारक, आहे. सगळीकडे पहिला प्रश्न एकच असतो: कंपनीकडचा तक्रार क्रमांक आणि तारीख. ती तुमच्याकडे आहे.

निळाई

५७२ आणि त्यावरचा कर भरला, ईमेल गेला, ऑटोपे दोन्हीकडून काढलं. पुढच्या बिलात काय तपासू?

दशमान

प्लॅन तोच राहिला आणि जादा वापर नसेल तर ओळी अशा यायला हव्यात: मागील बाकी १६८१, मिळालेलं पेमेंट ५७२, जुन्या खात्यावरून वळवलेले ६००, वजावट व परतावा मिळून ५०९, नवं भाडं ४५०. देय ४५०, अधिक कर. ५०९ एकाच ओळीत आले तर ३६०, ९९ आणि ५० अशी फोड मागा. त्यातला एखादा आकडा कमी असेल तर नवी तक्रार करू नका, त्याच तक्रार क्रमांकावर प्रकरण पुन्हा उघडायला सांगा. नव्या क्रमांकाने दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.