मदत हवी आहे: एसक्यूएलअल्केमी, पट्ट्यांची यादी उघडायला सात सेकंद लागतात, ओआरएम काढून टाकू काय?

गुळाचा रवा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, कोल्हापुरातनं लिहितोय. मामांचं मार्केट यार्डात गुळाचं अडत दुकान हाय, तिथल्या पट्ट्यांसाठी पायथॉनमध्ये एक सॉफ्टवेअर करून दिलंय, फ्लास्क (वेब पानांसाठी) आणि एसक्यूएलअल्केमी २.० (ओआरएम, म्हणजे टेबलातल्या ओळी पायथॉनचे ऑब्जेक्ट म्हणून वापरू देणारी लायब्ररी). काम साधंच, शेतकऱ्याचा गूळ आला की आवक नोंदवायची, सौदा झाला की दर टाकायचा, वजन गुणिले दर करून त्यातनं हमाली तोलाई वजा आणि पट्टी छापून शेतकऱ्याच्या हातात. क्लास चारच हाईत: शेतकरी, पट्टी, ओळ, व्यापारी. एका पट्टीत ओळी बऱ्याच असतात कारण एकाच शेतकऱ्याच्या मालात प्रत वेगवेगळी निघते, मग दर वेगळा आणि घेणारा व्यापारीपण वेगळा.

आधी दुकानातल्या पीसीवर एसक्यूलाइटची फाइल होती, तेव्हा पान क्लिक केलं की उघडायचं. आता मामा म्हणाले दुकान आणि गोडाऊन दोन्हीकडं एकच हिशेब दिसला पाहिजे, म्हणून मुंबईत भाड्यानं सर्व्हर घेऊन तिथं पोस्टग्रेस टाकलं, ॲप मात्र दोन्हीकडच्या पीसीवरच चालतंय. कोडमध्ये कनेक्शनची ओळ सोडून काही बदललं नाही तरी दोनशे पट्ट्यांची यादी उघडायला सात सेकंद. मामा बघत बसतात आणि म्हणतात वहीच बरी होती.

अजून दोन त्रास. पट्टीच्या ओळींच्या लिस्टमधनं एक ओळ रिमूव्ह करून कमिट केलं तर पट्टीत ती दिसत नाही पण टेबलात तशीच पडून असते, पट्टी आयडी नल होऊन. असल्या बेवारस ओळी डेटा हलवताना ढीगभर सापडल्या. आणि पट्टी सेव्ह करून सेशन (ओआरएमचा डेटाबेसशी चाललेला व्यवहार) बंद केल्यावर ऑब्जेक्ट छपाईच्या फंक्शनला दिला की डिटॅच्ड इन्स्टन्स एरर, एसक्यूलाइटवर असतानापासनं हाय हा, पण तवा छपाई सेशनच्या आतच ढकलून भागवलं होतं.

एक मित्र म्हणतोय ओआरएम काढ आणि सरळ एसक्यूएल लिही. दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचे सौदे निघतात, त्याच्या आत हे नीट व्हायला पाहिजे. काय करू?

रंकाळ्यावरचा

भावा आधी इंजिन बनवताना एको ट्रू कर आणि ते पान उघडून कन्सोलवर किती सिलेक्ट (वाचायच्या क्वेऱ्या) पडतात ते मोज, मग बोलू. माझा अंदाज एन प्लस वनचा हाय, म्हणजे यादीची एक क्वेरी आणि मग प्रत्येक पट्टीमागं वेगळी.

जुना डीबीए

तुमचा मित्र बरोबर सांगतोय. एडगर कॉडने रिलेशनल मॉडेल (डेटा टेबलांत मांडायची पद्धत) १९७० साली मांडलं, तेव्हापासून डेटाबेसला एका वाक्यात विचारायचं आणि एका दमात उत्तर घ्यायचं हीच पद्धत आहे. तुम्ही लोक त्याच्यावर क्लास चढवता, मग प्रत्येक डॉटमागे एक क्वेरी गुपचूप जाते आणि ते दिसतही नाही. जॉइन लिहा, काम संपवा. वीस ओळींचं एसक्यूएल लिहायला एवढं काय जड जातं हे मला आजवर कळलेलं नाही.

गुळाचा रवा

@रंकाळ्यावरचा मोजलं. लई सिलेक्ट आले राव, ३४१. पण एक गणित बसेना. यादीची १, मग प्रत्येक पट्टीच्या शेतकऱ्याची १ आणि ओळींची १ असं धरलं तर २०० पट्ट्यांना ४०१ यायला पाहिजेत, मग साठ कुठं गेल्या? त्या साठ वाचतात कशा ते कळलं तर बाकीच्यापण वाचवता येतील असं वाटालंय.

पायथॉनवाली

साठ वाचल्या कारण त्या दोनशे पट्ट्यांमधले शेतकरी वेगवेगळे १४० च असणार, तपासून बघा. सेशन आपल्याजवळ आयडेंटिटी मॅप ठेवतं, म्हणजे एका प्रायमरी कीचा ऑब्जेक्ट एकदा आला की त्या सेशनपुरता तोच. पुढच्या पट्टीचा शेतकरी आयडी तोच निघाला तर डेटाबेसकडे न जाता मॅपमधलाच उचलून देते. ओळींना हे लागू पडत नाही, कारण "या पट्टीच्या ओळी कुठल्या" हे विचारल्याशिवाय कळत नाही, म्हणून तिथे पूर्ण २०० गेल्या. १ + १४० + २००.

आता एसक्यूलाइटवर हेच का टोचलं नाही, तर तिथे डेटाबेस म्हणजे तुमच्याच प्रोसेसमध्ये चालणारी लायब्ररी, मध्ये नेटवर्क नाहीच, त्यामुळे तीनशे छोट्या क्वेऱ्या म्हणजे काहीच नाही. मुंबईला जाऊन यायला समजा २० मिलिसेकंद धरले तर ३४१ गुणिले २० म्हणजे ६.८ सेकंद. तुमचे सात सेकंद हेच. पोस्टग्रेस हळू नाही, सर्व्हर मोठा घेऊनही काही फरक पडणार नाही, तेवढे पैसे वाचवा. सौदा झालेला सगळा माल एकेक रवा (गुळाची ढेप) डोक्यावर घेऊन टेम्पोपर्यंत नेताय, फेऱ्या कमी करा म्हणजे झालं.

उपाय: यादीच्या सिलेक्टला ऑप्शन्स द्यायचे. शेतकऱ्यासाठी जॉइन्डलोड (त्याच क्वेरीत जॉइननं आणणं), कारण पट्टीला शेतकरी एकच, जॉइननं ओळी वाढत नाहीत. ओळींसाठी मात्र सिलेक्टइनलोड. तिथेही जॉइन्डलोड लावला तर प्रत्येक ओळीमागे पट्टीची आणि शेतकऱ्याची सगळी माहिती पुन्हा पुन्हा वायरवरून येते, आणि २.० मध्ये कलेक्शनवर जॉइन्डलोड लावून रिझल्टवर युनिक बोलावलं नाही तर एररच मिळतो. सिलेक्टइनलोड सगळ्या पट्ट्यांचे आयडी गोळा करून इन कलमात टाकतं, एका वेळी ५०० पर्यंत, म्हणजे तुमच्या दोनशेला एकच क्वेरी. एकूण दोन. यादीत ओळीपुढे व्यापाऱ्याचं नाव दाखवत असाल तर सिलेक्टइनलोडला पुढे जोडून व्यापाऱ्याचा जॉइन्डलोडपण द्या, नाहीतर तिथून परत गळती. जॅंगोवाले (पायथॉनचीच दुसरी वेब चौकट) वाचत असतील तर तुमच्याकडे हेच सिलेक्ट रिलेटेड आणि प्रीफेच रिलेटेड.

जुना डीबीए

ताई, म्हणजे शेवटी जॉइनच. फक्त तो जॉइन पायथॉनच्या तोंडून बोलवून घेताय.

पायथॉनवाली

काका, वाचायच्या बाजूला तुमचं मान्यच आहे. पण लिहायच्या बाजूला बघा ना, एक पट्टी, तिच्या आठ ओळी, त्यातली एक काढली, दोघींचं वजन बदललं, एक नवीन आली. हे हातानं लिहायचं तर आधी काय होतं ते आठवायचं, फरक काढायचा, इन्सर्ट अपडेट डिलीटचा क्रम लावायचा, फॉरेन की (ओळ कुठल्या पट्टीची ते सांगणारा आयडी) सांभाळायची. सेशन हा हिशेब स्वतः ठेवतं आणि फ्लशला, म्हणजे बदल डेटाबेसला लिहिताना, बदललेलं तेवढंच पाठवतं. युनिट ऑफ वर्क म्हणतात ते हेच. मार्टिन फाउलरनं २००२ च्या पुस्तकात आयडेंटिटी मॅप, डेटा मॅपर, ॲक्टिव्ह रेकॉर्ड ही नावं एका जागी मांडली. जॅंगोचं ओआरएम ॲक्टिव्ह रेकॉर्डच्या वळणाचं, ऑब्जेक्टच स्वतःला सेव्ह करतो. एसक्यूएलअल्केमी २००६ मध्ये आली ती पहिल्यापासून डेटा मॅपरच्या बाजूची, ऑब्जेक्ट गप्प बसतो आणि सेशन सगळं बघतं. म्हणूनच सेशन कधी उघडतं कधी मिटतं हे न समजून घेता तिच्याशी काम केलं की त्रास होतो, धागाकर्त्यांचे दोन्ही उरलेले प्रॉब्लेम तिथलेच आहेत.

रंकाळ्यावरचा

बेवारस ओळींचं मी सांगतो. लिस्टमधनं ओळ काढली म्हणजे एसक्यूएलअल्केमीला एवढंच कळतंय की या दोघांचं नातं तुटलं. ओळ मारायची का दुसऱ्या पट्टीला जोडायची हे तिला काय माहीत, म्हणून ती फॉरेन की नल करून सोडून देती. पट्टीकडच्या रिलेशनशिपला कॅस्केड दे, ऑल आणि डिलीट ऑर्फन दोन्ही, मग लिस्टमधनं गेलेली ओळ टेबलातनंपण जाती. आणि ओळीच्या टेबलात पट्टी आयडीला नलेबल फॉल्स कर, म्हणजे असलं काही परत झालं तर गुपचूप न होता तिथंच बोंबलंल. आधी त्या नलवाल्या ओळी साफ कर नाहीतर कन्स्ट्रेंट लागणारच नाही.

एक लक्षात ठेव, हे कॅस्केड पायथॉनमधलं हाय. एका डिलीट स्टेटमेंटनं मागच्या हंगामाच्या पट्ट्या एकदम उडवल्यास तर ते चालत नाही, त्याला डेटाबेसमधल्या फॉरेन कीवरच ऑन डिलीट कॅस्केड लागतंय. एसक्यूलाइटवर तर फॉरेन की तपासणी मुळात बंदच असते, प्रत्येक कनेक्शनला प्राग्मा (सेटिंगची आज्ञा) देऊन चालू करावी लागते. तुझा जुना डेटा तपासायचा असेल तर नलवाल्या ओळींवर थांबू नको, ज्यांचा पट्टी आयडी आहे पण पट्टीच नाही असल्यापण शोध.

आणि हो, रकमेला कॉलम न्यूमेरिक हाय ना? फ्लोट असंल तर पाडव्याची वाट बघू नको, आजच बदल.

गुळाचा रवा

न्यूमेरिक हाय, तेवढं पहिल्यापासनं केलंय. कॅस्केड लावलं, चाललं. यादीपण आता झटक्यात उघडती, एकोमध्ये दोनच सिलेक्ट दिसतात. ताई, दादा, लई आभार.

छपाईचं राहिलं. आणि एक नवीन: रोजचा व्यापारीवार गोषवारा, कुणी किती क्विंटल घेतला आणि किती रुपयाचा, तो मी सगळ्या ओळी आणून पायथॉनच्या लूपमध्ये बेरीज करून काढतोय. हंगामाच्या शेवटी पूर्ण हंगामाचा काढायचा म्हटलं तर?

जुना डीबीए

बेरजेसाठी ओळी मुंबईहून कोल्हापूरला आणू नका. ग्रुप बाय व्यापारी, सम वजन, सम रक्कम, डेटाबेसलाच करू द्या, दीडशे व्यापारी असले तर दीडशे ओळी येतील आणि बाकी सगळं तिथेच राहील. तुमच्या त्या अल्केमीतही फंकमधलं सम आणि ग्रुप बाय आहे असं ऐकतो, त्यानं केलंत तरी माझी हरकत नाही.

एक मात्र विचारतो. पट्टीवरची हमाली तोलाई ओळीत साठवता की सेटिंगच्या टेबलातल्या दरावरून दरवेळी काढता? प्रॉपर्टी (वाचताना हिशेब करणारं क्लासमधलं फंक्शन) लिहून काढत असाल तर उद्या हमालीचा दर वाढला की मागच्या सगळ्या पट्ट्यांची रक्कम बदलेल, आणि शेतकऱ्याच्या हातातला कागद एक सांगेल, पडदा दुसरं. दिलेल्या पट्टीवरचा प्रत्येक आकडा त्या पट्टीतच साठवायचा. क्लास कितीही देखणा असला तरी.

गुळाचा रवा

काका, प्रॉपर्टीच हाय. दर अजून बदलला नाही म्हणून वाचलोय. आज रात्री कॉलम वाढवून जुन्या पट्ट्यांच्या रकमा भरून घेतो.

पायथॉनवाली

कॉलम ॲलेम्बिकनं (टेबलांच्या रचनेतले बदल नोंदवून चालवणारं साधन) वाढवा, हातानं नको, दोनाचे तीन पीसी झाले की कुठल्या पीसीवरचा कोड डेटाबेसच्या कुठल्या अवस्थेसाठी आहे ते कळत नाही. ऑटोजनरेटनं आलेली फाइल चालवण्याआधी वाचा. नवीन कॉलम तो बरोबर ओळखतो, पण कॉलमचं नाव बदललंत तर त्याला ते जुना काढून नवीन घातला असं दिसतं, आणि तसंच चालवलं तर जुन्यातला डेटा गेला.

छपाईचं: कमिट झाला की सेशन आपले सगळे ऑब्जेक्ट शिळे धरतं, पुढच्या वेळी हात लावला की परत वाचून आणतं. तुम्ही मध्येच सेशन बंद केल्यावर वाचायला जागाच उरली नाही, म्हणून डिटॅच्ड. एक्स्पायर ऑन कमिट फॉल्स करून आधी वाचलेली फील्ड राहतील, पण न आणलेल्या ओळींना हात लावला की परत तोच एरर. मी तुमच्या जागी असते तर सेशन उघडं असतानाच छपाईला लागणारं सगळं एका साध्या डेटाक्लासमध्ये काढून घेतलं असतं आणि छपाईच्या फंक्शनला तेवढंच दिलं असतं. त्याला डेटाबेस आहे हे कळायचं कारणच नाही.

गुळाचा रवा

हे पटलं. शेवटचं, पुढं कधी नवीन पान केलं आणि लोडिंगचा ऑप्शन द्यायचा राहिला तर परत सात सेकंद व्हायच्या आधी कळायची काही सोय?

रंकाळ्यावरचा

रिलेशनशिपला लेझी रेज दे. मग ऑप्शन न देता ओळींना हात लावलास की गुपचूप क्वेरी न जाता तिथंच एक्सेप्शन. शेतकऱ्यासाठी रेज ऑन एसक्यूएल बरं पडंल, मॅपमध्ये असंल तर देतंय, क्वेरी मारायची वेळ आली तरच ओरडतंय. पहिल्या दिवशी आठ दहा पानं मोडतील, पण मामांसमोर लावू नको, टेस्टवर लाव.