तेरेखोलच्या किल्ल्यातलं चॅपेल: बंद दारासाठी पुन्हा जावं का?

मळेवाडची_लेक

येत्या मे महिन्यात आईला घेऊन गोव्याच्या उत्तर टोकाच्या तेरेखोलला जायचं म्हणतेय. आईचं बालपण शेजारच्या, पण महाराष्ट्रातल्या रेडीत गेलं. तेव्हा खाडीच्या तोंडावरचा तो किल्ला, म्हणजे 'फिरंग्यांचो', दिसायचा पण जाता यायचं नाही. वारा तिकडून असला की आतल्या चॅपेलची (छोट्या चर्चची) घंटा ऐकू यायची, असं ती अजून सांगते. गोवा मुक्त झाला तेव्हा ती चौदा वर्षांची होती. नंतर लग्न, मुंबई, आमची शिक्षणं. राहून गेलं.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात तिला घेऊन गेले. किल्ला पाहिला, बुरुजावरून केरीची पुळण पाहिली. अंगणात ख्रिस्ताचा पुतळा, मागे चॅपेलची पांढरी भिंत आणि दाराला कुलूप. आई त्या दारावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. तिथल्या माणसानं सांगितलं की चॅपेल ठरावीक प्रसंगीच उघडतं, मे महिन्यात फेस्त (संताचा वार्षिक उत्सव) असतं तेव्हा या.

माझे दोन प्रश्न आहेत. मेच्या उन्हात, गर्दीत, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला नेणं शहाणपणाचं आहे का? आणि दुसरा, जो मला जास्त सलतो: इतकं जुनं चॅपेल वर्षभर बंद असावं का? माझं मत स्पष्ट आहे. रोज निदान दोन तास, कुणीतरी राखणीला बसवून, ते उघडं असायला हवं.

गडभटक्या

ताई, दुसऱ्या प्रश्नावर शंभर टक्के तुमच्या बाजूने.

हा किल्ला सतराव्या शतकात सावंतवाडीच्या खेम सावंतांनी बांधला. १७४६ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने, जो पुढे अलोर्नाचा मार्क्विस म्हणून ओळखला गेला, तो जिंकून घेतला. (अलोर्ना म्हणजे आपलं हळर्ण. तिथला गड जिंकला आणि त्याचंच नाव किताबात मिळालं.) सेंट अँथनीचं चॅपेल आलं ते त्यानंतर. म्हणजे ते मुळात गावचं देऊळ नाही, शिबंदीचं प्रार्थनास्थळ आहे. सेंट अँथनी हा मूळचा लिस्बनचा संत आणि पोर्तुगीज सैन्यात तर त्याला रीतसर हुद्दा दिलेला होता. किल्ल्याच्या मधोमध त्याचं चॅपेल का, याचं उत्तर तिथे आहे. तट, बुरुज आणि चॅपेल ही एकच वास्तू आहे. तट बघायला मोकळा आणि चॅपेलला कुलूप, हे मला पटत नाही.

पेडण्याचो_झिल

गडभटक्या, तुमचा अभ्यास मान्य. पण 'गावचं देऊळ नाही' हे कुणी सांगितलं तुम्हाला? शिबंदी गेली त्याला साठाहून जास्त वर्षं झाली. सैनिक गेले, संत राहिला. आज तिथे गुडघे टेकतात ते तेरेखोल गावातले लोक. त्यांच्यासाठी ते दुसरं काहीही नाही, देऊळच आहे.

माझी मावशी त्या बाजूची, त्यामुळे थोडं आतलं सांगतो. किल्ल्यात बरीच वर्षं हॉटेल चालत होतं. खोल्या सात, प्रत्येकीला वाराचं नाव. तेव्हा येणारा पाहुणा संध्याकाळी ग्लास हातात घेऊन अंगणात फिरायचा आणि दहा पावलांवर चॅपेल. मावशी एकदा नव्हेनीला (फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला) गेली असताना एकजण आल्ताराकडे (वेदीकडे) पाठ करून फोटो काढत होता, प्रार्थना चालू असताना. तुमच्या वाडीतल्या देवीच्या गाभाऱ्याशी असं कुणी उभं राहिलं तर तुम्ही काय कराल? दार बंद करणं हा दुष्टपणा नव्हे.

मळेवाडच्या ताई, तुमच्या आईंबद्दल मात्र वेगळं म्हणेन. त्यांना फेस्तालाच आणा. नुसतं रिकामं चॅपेल बघून त्यांना काय मिळणार? घंटा वाजताना आत बसू दे. एक लक्षात ठेवा: पंचांगाप्रमाणे सेंट अँथनीचा दिवस १३ जून, पण तेरेखोलचं फेस्त साधारण मेमध्येच होतं आणि तारीख दरवर्षी ठरते. ती आधी चर्चमधून विचारून घ्या, मगच गाडी सांगा.

रेवदंड्याची_वाट

उघडं ठेवलं की काय होतं ते आमच्याकडे येऊन बघा. कोर्लईचा किल्ला, समुद्रात घुसलेल्या डोंगरावर, आणि वर चॅपेल. १७४० मध्ये पोर्तुगीज गेले, पुढे छप्पर गेलं, दार तर नाहीच. चोवीस तास सगळ्यांना मोकळं. भिंतीवर बदामात नावं कोरलेली, कोपऱ्यात बाटल्या, एकदा तर विटांची चूल मांडलेली पाहिली. पायथ्याच्या कोर्लई गावात आजही पोर्तुगीज वळणाची बोली बोलणारी ख्रिस्ती कुटुंबं आहेत. त्यांना वर काय वाटत असेल, हा विचार कुणी करत नाही.

तेरेखोलचं कुलूप राहू द्या. मला ते कुलूपच आवडतं.

गडभटक्या

@रेवदंड्याची_वाट: कोर्लईचं उदाहरण उलट माझ्या बाजूचं आहे. तिथे चूल मांडली जाते ती दार उघडं आहे म्हणून नव्हे, माणूस नाही म्हणून. ताईंनी पहिल्याच प्रतिसादात राखणदार म्हटलंय. जुन्या गोव्याची चर्चं रोज हजारो लोक बघतात, तिथे प्रार्थनाही चालते. वेळा लावलेल्या असतात, खांदे झाकायला सांगतात, फोटोला कुठे हो कुठे नाही हे लिहिलेलं असतं. लोक ऐकतात.

@पेडण्याचो_झिल: 'शिबंदीचं' म्हणताना गावाला वगळण्याचा हेतू नव्हता. ते वाक्य चुकलं, मागे घेतो. पण जे वर्षातून काही दिवसच उघडतं त्याचं लाकूड, रंग, छत यांचं काय होतं हेही बघा. समुद्राच्या तोंडावर, खारा वारा, चार महिने पाऊस. बंद खोलीत बुरशी आधी येते. रोज दार उघडणारा माणूस हीच वास्तूची पहिली दुरुस्ती असते.

पेडण्याचो_झिल

बुरशीचा मुद्दा खरा आहे. पण जुन्या गोव्याएवढं मनुष्यबळ तेरेखोलसारख्या चिमुकल्या गावात कुठून आणायचं? राखणदाराचा पगार सरकार देणार, मग वेळा सरकार ठरवणार, मग तिकीट. आपल्याच संतासमोर मेणबत्ती लावायला गावकऱ्यानं रांगेत उभं राहायचं का? चावी गावाकडे राहू दे. कुणी नीट विचारलं तर गाव नाही म्हणत नाही, असा माझा अनुभव आहे.

खंडोबाचा_माळ

मला मूळ प्रश्नच कळत नाही. फिरंग्यांनी गोव्यात देवळं पाडली, माणसं बाटवली, इन्क्विझिशन चालवलं. सावंतांकडून घेतलेल्या किल्ल्यात त्यांनी बांधलेलं चॅपेल आपण आवर्जून, आईला घेऊन का बघायला जायचं? तिथे सावंतांचा इतिहास सांगणारा मोठा फलक लावा, त्यासाठी आंदोलन करा, मी येतो.

मळेवाडची_लेक

खंडोबाचा माळ, देवळं पाडली गेली हे खरंच आहे, ते विसरावं असं मी म्हणणार नाही. पण ते मुख्यतः सोळाव्या-सतराव्या शतकातलं, तिसवाडी, बार्देश, साष्टीतलं. पेडणे महाल पोर्तुगीजांकडे पक्का आला १७८८ मध्ये. तोवर त्यांचं धोरण बदललं होतं आणि नव्या काबिजादींत, म्हणजे नंतर जिंकलेल्या महालांत, देवळं राहिली. म्हणून तर पेडण्यात आजही जत्रा जोरात असतात. सगळा गोवा एकाच मापाने मोजू नका.

आणि १५ ऑगस्ट १९५४. त्या दिवशी सत्याग्रही तेरेखोलच्या किल्ल्यात शिरले आणि तिथे तिरंगा लावला. त्या तुकडीचे पुढारी होते आल्फ्रेड आफोन्सो. नाव वाचा. त्यांना पकडून तुरुंगात टाकलं ते पोर्तुगीजांनीच. ज्या अंगणात तो झेंडा चढला त्याच अंगणात हे चॅपेल उभं आहे. माझी आई तेव्हा सात वर्षांची. रेडीत दिवसभर कुजबुज होती, घरात कंदील लवकर मालवला होता, एवढंच तिला आठवतं.

सावंतांचा फलक हवा, यावर मात्र तुमच्याबरोबर आहे. शेजारी १८३५ चाही हवा. बर्नार्डो पेरेस द सिल्वा हा गोव्यात जन्मलेला पहिला प्रीफेक्ट, म्हणजे पोर्तुगीज गोव्याचा कारभारप्रमुख, अठराएक दिवसांत त्याची सत्ता उलथली. त्याच्या बाजूच्या सैनिकांनी तेरेखोल धरला होता आणि तिथे त्यांची कत्तल झाली. पुष्कळ ठिकाणी हे साल १८२५ छापलेलं दिसतं. तो प्रीफेक्ट झाला तेच १८३५ मध्ये, तर बंड दहा वर्षं आधी कसं होईल?

खंडोबाचा_माळ

आफोन्सोंचं मला माहीत नव्हतं. चॅपेलबद्दल माझं मत तसंच आहे, पण त्यांचंही नाव फलकावर हवं.

आरोंद्याची_होडी

वाद चालू द्या, ताईंच्या पहिल्या प्रश्नाकडे कुणी बघितलं नाही म्हणून लिहितो.

तुम्ही मळेवाडहून निघणार असाल तर फेरीच्या भानगडीत पडूच नका. तेरेखोल गोव्यात असलं तरी नदीच्या आपल्या काठावर आहे. मळेवाड, शिरोडा, रेडी करत गाडी थेट किल्ल्याच्या दारापर्यंत जाते. फेरी लागते ती गोव्याकडून, केरीहून येणाऱ्यांना. ओहोटीला वाळूचा पट्टा वर येतो आणि कधी कधी फेरी थांबते. मग किरणपाणीच्या पुलावरून आरोंद्याला यायचं आणि रेडीमार्गे पूर्ण वळसा. फेस्ताच्या दिवशी त्यात अडकलात तर मिस (चर्चमधली प्रार्थना) संपून जाईल.

दुपारी नेऊ नका. जांभ्याचे तट तापले की संध्याकाळपर्यंत धग सोडत नाहीत. सकाळी लवकर पोचा, आईंना चॅपेलच्या आतच बसवा, भिंती जाड आहेत. परतताना रेडीचा गणपती. खाणीत १९७६ मध्ये सापडलेली मूर्ती, आईंना तो काळ आठवत असेलच. आणि शिरोड्यात १९३० चा मिठाचा सत्याग्रह झाला ती मिठागरं रस्त्यालगत आहेत.

माझं मत विचाराल तर: रोज नको, बंदही नको. रविवारी सकाळी गावातलाच कुणी उघडून बसेल, एवढं पुरे.

रेवदंड्याची_वाट

रविवारपुरतं मलाही चालेल. पण आतलं छायाचित्रण बंद.

गडभटक्या

रविवार म्हणजे फक्त मुंबई-पुण्याच्या लोकांची सोय. रेडीच्या शाळेतली मुलं बुधवारी सहलीला आली तर? मी रोज दोन तासांवर ठाम आहे.

मळेवाडची_लेक

आरोंद्याची होडी, मनापासून आभार. रस्त्याने जातो. झिल दादा, तारीख चर्चमधून विचारते. गडभटक्या, चावी गावाकडेच असावी हे आता मला पटलंय, पण रोज दोन तास हे मी अजून सोडलेलं नाही. फेस्ताला गेल्यावर गावातल्या लोकांशीच बोलेन.

आईला आत्ताच फोन करून सांगितलं. तिचा पहिला प्रश्न: शिरोड्याच्या बाजारातून अबोलीचे वळेसर नेले तर त्यांना चालतील का?

पेडण्याचो_झिल

चालतील म्हणजे? आमच्याकडे खुरसाला (क्रुसाला) घालतात. दोन आणा, एक बाहेरच्या पुतळ्यापाशी आणि एक आत. आतला आईंच्याच हातून द्या.