जीटी ८६: २२५/४५ काढून २३५/४५ टाकू का?

वळणवेडा
मंडळी, टायर घ्यायचेत आणि मापावर घोडं अडलंय. गाडी टोयोटा जीटी ८६, २०१३ चं मॉडेल, मी जुनीच घेतली. सध्या चारही चाकांवर २२५/४५ आर १७ आहेत (रुंदी २२५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ४५ टक्के, रिम १७ इंची). मागचे दोन संपलेच, मधल्या खोबणीत नखही बुडत नाही. टायरवाला म्हणतो, "२३५/४५ टाका, पकड वाढेल, गाडी भरदार दिसेल." मी आकडेमोड केली: आत्ताच्या टायरची उंची ६३४ मिमी, नव्याची ६४३. फरक दीड टक्कासुद्धा नाही. तीन टक्क्यांपर्यंत चालतं असं सगळीकडे वाचलंय. मग घेऊन टाकू का? रिम मूळचेच आहेत.

हळूचालक
माझ्या गाडीवर एक माप मोठं टाकलंय, दोन वर्षं काही त्रास नाही. बिनधास्त टाका.

रबरगंध
वळणवेडा, थांबा, पैसे देऊ नका अजून. आधी ड्रायव्हरचं दार उघडा आणि खांबावरचं स्टिकर वाचा. तिथे २२५ लिहिलेलं नसणार. १७ इंची चाकांच्या ८६ ला कंपनीने २१५/४५ आर १७, ८७ डब्ल्यू दिले होते (८७ हा वजन पेलण्याचा आकडा, डब्ल्यू ही वेगमर्यादेची खूण). म्हणजे तुमच्या आधीच्या मालकाने एक पायरी आधीच चढवली आहे, आणि तुम्ही त्या चढलेल्या पायरीपासून मोजताय.

मुळापासून मोजा. २१५ चे ४५ टक्के म्हणजे ९६.७५ मिमी, ही साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची. ती वर एकदा, खाली एकदा, म्हणजे १९३.५. त्यात १७ इंची रिमचे ४३१.८ मिळवा: ६२५.३ मिमी. २३५/४५ ची उंची याच हिशोबाने ६४३.३ येते. फरक १८ मिमी, म्हणजे २.९ टक्के. तुमची तीन टक्क्यांची मर्यादा जवळपास संपलीच की!

आणि हे तीन टक्के नुसते कागदावर राहत नाहीत. चाक मोठं झालं की प्रत्येक गिअर तेवढाच लांबतो. दोन लिटरचं, वर फिरवलं की खुलणारं इंजिन आहे तुमचं, त्याला खालच्या वेगात हे लगेच जाणवतं. काटा १०० दाखवत असताना गाडी आधीपेक्षा जास्त वेगात असते. आणि गाडी ९ मिमी वर उचलली जाते. इतकी खाली बसणारी गाडी आपण हौसेने घ्यायची आणि टायर बदलून वर उचलायची, हे मला खरंच बघवत नाही.

पण माझा खरा आक्षेप उंचीवर नाही, रिमवर आहे. मूळ रिम ७ इंच रुंद आहे. स्पोकच्या मागे "१७ × ७ जे" असं कोरलेलं सापडेल. २३५/४५ ला किमान साडेसात इंच लागतात. अरुंद रिमवर रुंद टायर बसतो, हवाही धरतो, पण त्याच्या कडा आत ओढल्या जातात आणि पोट बाहेर येतं. मग स्टेअरिंग वळवलं की आधी साइडवॉल लवते आणि त्यानंतर नाक वळतं. तो एक क्षणाचा उशीर या गाडीत मी स्वतः भोगलाय. पकडीसाठी खर्च केला आणि हातातली जाणीवच गेली. वर्षभरात टायर काढून टाकले.

अजून एक. पुढचं चाक पूर्ण वळवून मडगार्डच्या आतलं प्लास्टिक बॅटरीच्या उजेडात बघा. टायर घासत असेल तर तिथे बोटभर रुंद, चकाकणारा पट्टा दिसतो, कमानीसारखा. हात फिरवला की काजळीसारखी रबराची भुकटी लागते. आत्ताच्या २२५ लाच तसं दिसलं, तर विषयच संपला.

गिअरबदल
रबरगंध यांच्याशी सहमत. रुंदीच हवी असेल तर ८ इंची रिम घ्या आणि २४५/४० आर १७ टाका. त्याची उंची ६२७.८, मूळ मापापेक्षा फक्त अडीच मिमी जास्त. मात्र रिमचा ऑफसेट (रिमच्या मध्यापासून चाक बसवायच्या पृष्ठभागाचं अंतर) तपासल्याशिवाय घेऊ नका, मूळचा ४८ मिमी आहे.

वळणवेडा
दार उघडून पाहिलं. स्टिकरवर २१५/४५ आर १७ च आहे! दोन वर्षं गाडी वापरतोय आणि कधी वाचलं नव्हतं. रिमवर ७ जे. प्लास्टिकवर पट्टा नाही, पण उजवीकडे पुढच्या कोपऱ्यात बोट काळं झालं. आता प्रश्न असा: २२५ च परत घेऊ की २१५ वर येऊ? आणि पुढचे दोन अजून बरे दिसतात, ते ठेवू का?

रबरगंध
२२५/४५ ला ७ इंची रिम चालते, अगदी खालच्या टोकाला. पण मी तुमच्या जागी असतो तर २१५ वर आलो असतो, आणि वाचलेले पैसे चांगल्या रबरात घातले असते. टोयोटाने या गाडीला मिशेलिन प्रायमसी एचपी दिले होते, ते मुळात आरामाचे टायर. मागचं चाक हळूहळू सुटावं आणि चालवणाऱ्याला ते कळावं, असा त्यामागे विचार होता. त्याच मापात आज उन्हाळी स्पोर्ट टायर घेतलात तरी पकडीत मोठा फरक पडतो, आणि हे दहा मिमी रुंदी वाढवून मिळत नाही. लोड इंडेक्स ८७ च्या खाली जाऊ नका. ८७ म्हणजे एका टायरवर ५४५ किलो.

पुढे २२५ आणि मागे २१५ मात्र अजिबात नको. पुढची पकड जास्त आणि मागची कमी झाली की ओल्या वळणावर मागची बाजू आधी सुटते, तीही न सांगता. बरे दिसणारे टायर किती जुने आहेत तेही बघा. साइडवॉलवर लांबट चौकटीत चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. काही वेळा ते आतल्या बाजूला असतात, गाडीखाली वाकावं लागेल.

वळणवेडा
वाकलो. पुढच्या दोन्हींवर २३१६. म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा, आणि खोबणीच्या तळाला बारीक भेगाही दिसल्या. चारही बदलतोय, २१५/४५ आर १७, ८७ डब्ल्यू. टायरवाल्याला तसं सांगून आलो.