"संसार जुळवले" हा आकडा संस्थांच्या अहवालातून काढून टाकावा

तापीकाठ (चोपडा)

महिलांसाठी समुपदेशन केंद्रं चालवणाऱ्या संस्थांचे वार्षिक अहवाल मी नेमाने वाचते. जळगाव, धुळे, नंदुरबार या आपल्या तिन्ही जिल्ह्यांतले. बहुतेकांत एक ओळ ठळक छापलेली असते: यंदा इतके संसार पुन्हा जुळवले. देणगीदार तीच बघतात, आणि कार्यक्रमाला आलेले पाहुणेही तिचंच कौतुक करतात. माझं म्हणणं, ही ओळ काढून टाका.

त्या आकड्यावरून एवढंच कळतं की बाई नांदायला परत गेली. मार थांबला का, तिच्या हातात पैसा येतो का, मोबाइल तिच्याकडे आहे का, माहेरी फोन करू देतात का, यातलं काहीच कळत नाही. पद्धत सगळ्यांना माहीत आहे. नवरा आणि सासूला बोलावतात, एक-दोन बैठका होतात, "यापुढे मारहाण करणार नाही" असं स्टॅम्प पेपरवर लिहून घेतात आणि फाईल बंद होते. बैठकीत पहिला प्रश्न बाईलाच: तू उलट बोलली होतीस का?

घरगुती हिंसाचाराचा कायदा २००५ चा. त्याखालच्या २००६ च्या नियमांत चौदावा नियम समुपदेशनाचा आहे. हिंसा पुन्हा होणार नाही याची हमी मिळवणं, हा समुपदेशनाचा हेतू म्हणून तिथे लिहिला आहे. मारहाणीचं समर्थन नवऱ्याला तिथे मांडता येणार नाही, हेही स्पष्ट लिहिलंय. म्हणजे "ती उलट बोलली म्हणून हात उचलला" हे वाक्य त्या खोलीत चालायलाच नको.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशभरातल्या शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्के बायकांनी कुणाकडे तरी मदत मागितली होती. केंद्राच्या पायरीवर आलेली बाई आई, भाऊ, पोलीस पाटील अशी सगळी दारं वाजवून आलेली असते. सगळ्यांनी तिला एकच सांगितलेलं असतं, "आते तठेच तुन्हं घर शे" (आता तिथेच तुझं घर आहे). संस्थेनेही तेच सांगायचं असेल, तर संस्था कशाला हवी?

अमळनेरकर

ताई, तुम्ही वाचता तसे अहवाल मी लिहिते. अशाच एका केंद्रावर कामाला आहे, म्हणून बोलते.

आलेली बाई पहिल्या दिवशी काय मागते ते कुणी ऐकतं का? बहुतेक जणी म्हणतात, मला फारकत नको, फक्त याचा हात थांबवा. भावाचा संसार वेगळा झालेला असतो, वहिनी चार दिवस गोड बोलते. धाकटी बहीण लग्नाची असते, मोठी माहेरी बसली तर तिला स्थळ येत नाही. कापूस वेचणीचे महिने सोडले तर रोख पैसा हातात नाही. सखी केंद्रात, म्हणजे हिंसा सोसलेल्या बायकांच्या सरकारी मदत केंद्रात, साधारण पाच दिवस राहता येतं. सहाव्या दिवशी दोन लेकरं घेऊन तिने कुठे जायचं? निवारागृहाचं नाव काढलं की ती उठून जाते, कारण तिथे राहून आलेल्या बाईला गावात काय ऐकावं लागतं ते तिला माहीत असतं.

तिला नांदायचं असेल तर तिच्या बाजूने बसून बोलणी करणं हे कामच आहे. ते जमलं तर ते आम्ही लिहिणार. बैठकीत बाईलाच उलटतपासणाऱ्या संस्था आहेत, त्यांना जरूर बोला. सगळ्यांना एका पंक्तीत बसवू नका.

पांझरा (धुळे, वकिली)

मुद्दा कागदाचा आहे, आणि त्यावर कुणी बोलत नाही. नवऱ्याने स्टॅम्प पेपरवरची हमी मोडली, तर त्या कागदावर पोलीस काही करू शकत नाहीत. फार तर पुढच्या प्रकरणात तो पुरावा म्हणून जोडता येतो. त्याच अटी मॅजिस्ट्रेटपुढे नेऊन २००५ च्या कायद्याच्या कलम १८ खाली संरक्षण आदेश घेतला, मग तो मोडणं हा कलम ३१ नुसार गुन्हा होतो: एक वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तोही अजामीनपात्र. बाई नांदायला तशीच जाते, पण या वेळी नवऱ्याला धाक असतो.

अर्ज ६० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात बरेच महिने जातात, पण कलम २३ खाली अंतरिम आदेश आधी मागता येतो. वकिलाची फी हे कारणही टिकत नाही: १९८७ च्या विधी सेवा कायद्याने बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. आपल्याकडे घर सासऱ्याच्या नावावर असतं, म्हणून "तुझा काय हक्क" असं सुनावतात. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितलंय की सून लग्नाच्या नात्याने ज्या घरात राहत होती, ते सासऱ्याच्या मालकीचं असलं तरी तिला तिथे राहण्याचा हक्क मागता येतो. हे बैठकीत सासऱ्याला पहिल्या पाच मिनिटांत सांगावं. बोलणी वेगळ्या वळणाने जातात.

गिरणा (भडगाव)

माझं मत तुम्हा तिघांना आवडणार नाही. संस्था एकाच बाजूचं ऐकतात. माझ्या नात्यातल्या एका घरी सासू-सासरे तर सोडाच, लग्न होऊन परगावी गेलेल्या नणंदेचंही नाव तक्रारीत घातलं. म्हातारी माणसं वर्षानुवर्षं कोर्टाच्या बाकावर बसून आहेत. लगेच अटक करू नका, असं २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाही पोलिसांना सांगावं लागलं, ते उगाच नाही. २००७ पासून गावोगाव तंटामुक्ती समित्या झाल्या. भावकीतलं भावकीत मिटत होतं. तुम्ही कोर्टाचा धाक घालता, मग ते दोघं एका ताटात कसे जेवणार?

पांझरा

भाऊ, त्या म्हाताऱ्यांचे हाल खोटे नाहीत. संबंध नसलेल्यांची नावं घालण्याच्या विरोधात मी स्वतः पक्षकारांशी भांडतो. पण तुम्ही म्हणता तो २०१४ चा निकाल ४९८-अ चा, म्हणजे दंड संहितेतल्या सासरच्या छळाच्या फौजदारी कलमाचा. मी सांगतोय तो २००५ चा कायदा दिवाणी स्वरूपाचा आहे, अर्ज केला म्हणून कुणाला अटक होत नाही. आणि समितीने आधी छाननी करावी हा प्रयोगही झाला. २०१७ मध्ये न्यायालयाने ४९८-अ साठी कुटुंब कल्याण समित्या नेमायला सांगितलं आणि सप्टेंबर २०१८ मध्ये न्यायालयानेच तो निर्देश मागे घेतला. गावच्या समितीत नवऱ्याचेच चुलते-मामे असतात. त्यांच्यासमोर ती अंगावरचे वळ दाखवेल का?

तोरणमाळ

तुमची सगळी चर्चा सपाटीवरची आहे. धडगाव-अक्कलकुव्यात कोर्टाचा आदेश घेऊन उतरायचं आणि चढायचं यात मजुरीचे दिवस बुडतात, आणि पावरी किंवा भिली समजणारं माणूस तिथे बसलेलं असेलच असं नाही. आमच्याकडे लग्नात नवऱ्याकडचे मुलीच्या बापाला देज, म्हणजे वधूमूल्य, देतात. बाई निघून आली की देज परत करावं लागतं. बाप ते कधीच खर्चून बसलेला असतो, म्हणून तोच पोरीला परत पाठवतो. हे कोडं कलम १८ ने सुटत नाही. पंच बसतात तिथे आमच्या कार्यकर्त्या जाऊन बसतात, आणि मारहाण सिद्ध झाली तर देज परत मागायचं नाही, असं पंचांकडून वदवून घेतात. कोर्टापेक्षा हे लवकर लागू पडतं.

पण पंचांवर सगळं सोडा असंही मी म्हणत नाही. पोर दगावलं, ढोर मेलं की एखाद्या एकट्या बाईवर डाकीण म्हणून बोट दाखवतात. तिला गाव सोडावं लागतं, कधी जीवही जातो. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात हा गुन्हा आहे. तिथे पंचांशी बोलणी करत बसायचं नाही, थेट पोलीस.

आणि पैशाचंही बोला. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी घेणाऱ्या मोठ्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. पुण्या-मुंबईहून डोंगरातल्या लहान संस्थांना येणारा तो ओघ आटला. पगार थांबला की पहिली घरी बसते ती गावातलीच कार्यकर्ती, जिला भाषा येते.

शहादेकर

मी वयाने मोठा आहे, म्हणून थोडं मागचं सांगतो. १९७२ नंतर शहादा-तळोद्यात श्रमिक संघटनेच्या शिबिरांत आदिवासी बायका बोलायला लागल्या, तेव्हा कुणी समुपदेशक नव्हता. नवऱ्यांच्या दारूमुळे आम्ही मार खातो, हे त्यांनीच सांगितलं. गटाने गावोगाव जाऊन दारूचे मडके फोडले, बायकोला मारणाऱ्याला चारचौघांत जाब विचारला. मार हा अख्ख्या गावाचा प्रश्न होता. संस्था आल्या आणि त्याची फाईल झाली, दार लावून चालणारं प्रकरण झालं. आकडा कोणता छापायचा यावर तुम्ही भांडता. गावातल्या दहा बायका तिच्या दारात उभ्या राहतील का, हे कुणी विचारत नाही.

अमळनेरकर

आबा, ते दिवस मोठे होते. पण दार लावण्याची गरज आहे म्हणून आम्ही ते लावतो. जळगावचं १९९४ चं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. मुलींना ब्लॅकमेल करून अत्याचार केले, मोर्चे निघाले, तरी नाव बाहेर येईल या भीतीने कितीतरी जणी जबाबालाच आल्या नाहीत. शहरातल्या वाड्यात, बंगल्यात राहणारी बाई मोर्चाच्या पुढे येत नाही. ती बँकेत जाते म्हणून सांगून आमच्याकडे येते.

तापीकाठ

तोरणमाळ यांचं देजाचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तिथे पंचांकडून अट बदलून घेतली, नुसतं परत पाठवलं नाही. माझी मागणी तेवढीच आहे. परत पाठवताना काय बदललं ते लिहा. पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात तिला एकटीला भेटा, सासूसमोर नको. तेव्हा ती काय म्हणाली ते अहवालात येऊ द्या. २००५ च्या कायद्याच्या कलम १० खाली नोंदणी असलेल्या संस्थेला घरगुती घटना अहवाल, म्हणजे मॅजिस्ट्रेटकडे जाणारी हिंसेची नोंद, स्वतः भरता येतो. तो किती जणींचा भरला, तो आकडा छापा.

अमळनेरकर

सहा महिन्यांच्या भेटी मला मान्य आहेत. रावेरपासून पारोळ्यापर्यंतच्या त्या भेटींचं एसटीचं भाडं प्रकल्पाच्या कुठल्या खात्यात घालायचं, ते तुमच्या देणगीदारांना विचारा, कारण आमच्या अंदाजपत्रकातून ती ओळ दर वर्षी कापली जाते.

"नांदायला गेली" हा रकाना मात्र मी काढणार नाही. ती स्वतः ठरवून गेली. उद्या पुन्हा मार बसला तर तिला परत आमच्याकडे यायचंय, आणि आपलं परत जाणं संस्थेने मोजण्यालायकही धरलं नाही असं तिला वाटलं, तर ती येणार नाही.