शब्दचर्चा: 'लाईन' म्हणजे नक्की काय? मार्ग, मार्गिका की राहायचा पत्ता?

मुंबई लोकलच्या रविवारच्या मेगाब्लॉकची (दुरुस्तीसाठी काही तास रूळ बंद ठेवतात त्याची) बातमी वाचत होतो. आधी लिहिलेलं 'मुख्य मार्ग' आणि त्याच्या खालीच 'माटुंगा ते मुलुंड अप आणि डाऊन जलद मार्गावर ब्लॉक'. म्हणजे एका मार्गात अजून चार मार्ग (जलद आणि धीमा, प्रत्येकी अप म्हणजे मुंबईकडे येणारा आणि डाऊन म्हणजे बाहेर जाणारा)? आणि मग पेपरवाले 'ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका' लिहितात तेव्हा मार्गिका म्हणजे रूळ, पण मेट्रोवाले 'मेट्रो मार्गिका ३' म्हणतात तेव्हा मार्गिका म्हणजे अख्खा रूट. इंग्रजीत दोन्हीला लाईनच म्हणतात हे माहितीये, पण मराठीत दोन शब्द असून आपण ते असे का वापरतो? कोणी नीट सांगेल का, सेंट्रल, वेस्टर्न, हार्बर ही नावं नक्की कशाची आहेत, रुळांची, गाड्यांची की कंपनीची?

बदलापूरकर:
मुळात कंपनीची. पूर्वी सेंट्रलकडे जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) आणि वेस्टर्नकडे बीबीसीआय (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया) अशा दोन वेगळ्या रेल्वे कंपन्या होत्या, १९५१ साली त्यांच्या झोनना (रेल्वेच्या विभागांना) मध्य आणि पश्चिम रेल्वे नाव पडलं आणि लोकांनी तेच लाईनला चिकटवलं. त्यामुळे 'सेंट्रल' मुंबईच्या मध्यातून जाते म्हणून सेंट्रल असं कुणाला वाटत असेल तर ते चूक, ती तर उलट पूर्वेकडून जाते. बाकी आम्ही बदलापूरवाले मुंबईत गेलो की 'सेंट्रलला राहतो' सांगतो आणि कल्याणला उतरलो की 'कर्जत लाईनला'. लाईनचं नाव तुम्ही कुठे उभे राहून बोलताय त्यावर बदलतं. कल्याणला फाटा फुटतो ना, म्हणून इंडिकेटरवर कसाऱ्याला एन आणि कर्जतला एस असायचं, नॉर्थ-ईस्ट आणि साऊथ-ईस्ट, नवीन माणूस त्या एस-एनकडे बघत बसायचा आणि गाडी निघून जायची.

हार्बरवाली:
कंपनीची म्हणताय तर मग हार्बर कुठे बसवणार? हार्बर नावाचा झोन नाही की कंपनी नाही. गाड्या मध्य रेल्वे चालवते. वडाळ्याला दोन फाटे, एक कुर्ल्यावरून वाशी-पनवेल आणि दुसरा किंग्ज सर्कलवरून माहीम, वांद्रे, अंधेरी, २०१८ पासून गोरेगावपर्यंत. म्हणजे वांद्रा स्टेशन पश्चिम रेल्वेचं, तिथे थांबलेली लोकल मध्य रेल्वेची आणि सगळे म्हणतात हार्बरची गाडी! नाव पडलं ते डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी या गोदीकडच्या पट्ट्यावरून, आणि गाडी गोरेगावला गेली तरी नाव तेच. अंधेरीला कुठे दिसतंय बंदर? त्यामुळे माझं मत असं की लाईन म्हणजे ना रूळ ना मालक, लाईन म्हणजे गाडी कुठून सुटते आणि कुठे जाऊन वळते ते. प्लॅटफॉर्मवरच्या माणसाला तेवढंच हवं असतं.

बदलापूरकर:
पटलं. माझं उत्तर दोनच लाईनींपुरतं होतं मग.

धागाकर्ता:
आणि ठाण्याहून वाशीकडे जाणारी ट्रान्स-हार्बर? ट्रान्स म्हणजे पार करणारी ना? पण मानखुर्द-वाशीचा मोठा खाडीपूल तर साध्या हार्बरवर आहे, ठाणे-वाशीवर नाही. नावं अदलाबदल झाली की काय?

हार्बरवाली:
नाही नाही, ट्रान्सचा अर्थ 'पार जाणारी' घेतला की गोंधळ होतो, 'पल्याडची' घ्या. मुंबईकडून बघितलं तर ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे सगळं खाडीच्या पल्याड. म्हणजे नाव मुंबईकराने मुंबईत बसून दिलेलं, नवी मुंबईकराला विचारलं असतं तर आमचीच लाईन अल्याडची झाली असती आणि तुमची ट्रान्स :) तसंही घणसोलीत 'ट्रान्स-हार्बर' कोण म्हणतं, 'ठाण्याची गाडी' म्हणतात. नेरुळ/बेलापूर-उरण २०१८ ला खारकोपरपर्यंत आणि २०२४ ला उरणपर्यंत सुरू झाली, तिला पोर्ट लाईन असं भारी नाव आहे पण आमच्याकडे नुसती 'उरणची'.

वसईवरून:
वेस्टर्नला त्या मानाने सुख, फाटा नाही काही नाही, एक सरळ लाईन. पण आमच्याकडे भांडण वेगळं, उपनगरी कुठपर्यंत? २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत गेली. चर्चगेटपासून विरार ६० किमी आणि डहाणू त्याच्या दुप्पट. १२० किमीवरचं गाव 'उपनगर' कसलं, पण रेल्वेच्या लेखी ते उपनगरी कारण तिथवर लोकल धावते. म्हणजे उपनगर आहे म्हणून लोकल असं नाही, लोकल आहे म्हणून उपनगर. कसारापण तसंच, घाटाच्या पायथ्याशी जाऊन उपनगर! उलट दिवा-वसई बघा, भिवंडी, कामण, जूचंद्र, रोज कामाला जाणारी माणसं गच्च भरलेली, दोन्ही टोकं मुंबईच्या गर्दीत, पण गाडी मेमू (विजेवर चालणारी पॅसेंजर) म्हणून तिला कोणी लोकलची लाईन धरत नाही. नकाशात आमची रेघ बारीक काढतात.

पुण्याहून:
मध्येच बोलतो. आमच्याकडे पुणे-लोणावळा लोकल आहे, पण 'लोणावळा लाईन' असं कोणी बोललेलं मी ऐकलं नाही, 'लोणावळा लोकल' एवढंच. आणि 'तू कुठल्या लाईनला राहतोस' हा प्रश्न पुण्यात कोणी विचारला तर समजायचं पाहुणा मुंबईचा आहे.

बदलापूरकर:
हाहा. कारण एकच असली की नाव लागतच नाही, दुसरी आली की पहिलीला नाव पडतं. 'मेन लाईन' हा शब्दपण हार्बर आहे म्हणूनच.

धागाकर्ता:
मग मूळ प्रश्नावर माझा कौल असा, रूट असेल तर मार्ग आणि रुळांची जोडी असेल तर मार्गिका. 'मुख्य मार्गावर जलद मार्गिकेवर ब्लॉक' असं लिहिलं तर वाचणाऱ्याला लगेच कळेल. मेट्रोवाल्यांनी मार्गिका आधीच रूटसाठी वापरून ठेवलीये, तिथे आता काही होणार नाही.

वसईवरून:
लिहिताना चालेल. पण प्लॅटफॉर्मवर कोणी 'जलद मार्गिका' म्हणालं तर लोक वळून बघतील. तिथे 'फास्ट ट्रॅक' आणि 'स्लो ट्रॅक' हेच, ट्रॅक शब्द चांगला रुळलाय. बरं, दादरचं काय ठरलं? तिथे नावापेक्षा प्लॅटफॉर्मच्या आकड्यांचा घोळ होता, वेस्टर्नचा एक नंबर वेगळा आणि सेंट्रलचा एक नंबर वेगळा.

हार्बरवाली:
ते मिटलं की, डिसेंबर २०२३ पासून सेंट्रलचे आठ ते चौदा केलेत, वेस्टर्नचे एक ते सात तसेच. तरी जुने लोक अजून 'सेंट्रलचा एक नंबर' म्हणतात आणि नवीन माणूस वेस्टर्नच्या एकवर जाऊन कल्याणची वाट बघतो.