मदत हवी आहे : पातालपानी-कालाकुंड गाडीत कोणत्या बाजूची खिडकी घ्यावी?

नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरचे, आईला (वय ७४, गुडघे दुखतात) यंदा पावसाळ्यात महूकडच्या हेरिटेज ट्रेनने (जुन्या मीटरगेज म्हणजे अरुंद रुळांवरून घाटात फिरवणारी पर्यटन गाडी) न्यायचंय. तिचं माहेर खंडव्याचं, लग्नानंतर कितीतरी वर्षं ती मीटरगेजच्या पॅसेंजरनेच ये-जा करायची. इंदूरला येताना कालाकुंडला घाट चढायला मागून दुसरं इंजिन लागायचं, तेवढ्यात खाली उतरून पळसाच्या पानातला गरम कलाकंद घ्यायचा आणि मग बोगद्यात शिरलं की आम्ही पोरं जोरात ओरडायचो, ती पानं हातात धरून दोन्ही कोपरांनी आम्हाला खिडकीपासून मागे ओढायची, हे अजून डोळ्यासमोर आहे.

त्या घाटातली शेवटची पॅसेंजर ब्रॉडगेजच्या (रुंद रुळांच्या) कामासाठी २०२३ मध्ये बंद झाली तेव्हा आई दिवसभर बोललीच नाही. म्हणून ही गाडी तरी दाखवायचीच आहे.

तर जे जाऊन आलेत त्यांनी प्लीज सांगा, जाताना पातालपानीचा धबधबा आणि चोरल नदीची दरी डाव्या हाताला नीट दिसते की उजव्या? आईला एकच बाजू मिळणार, दरवाजापर्यंत उठून जाणं तिला जमत नाही. काचेचा मोठ्या खिडक्यांचा डबा घ्यावा की साधा? मला साधाच बरा वाटतो, वारा तोंडावर लागल्याशिवाय घाट कसला, पण पावसाचं पाणी आत येत असेल तर सांगा. आणि धबधब्याच्या पॉइंटवर गाडी थांबते तिथे पायऱ्या किती, हात धरून उतरवता येईल का?

कलाकंद अजून पानातच देतात ना?