मदत हवी आहे: विवेकानंदांचं जोसेफिन मॅक्लाउडला लिहिलेलं पत्र मराठीत कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी, आमच्या वाचनकट्ट्यावर मला पंधरा मिनिटं जोसेफिन मॅक्लाउडवर बोलायचंय. न्यूयॉर्कच्या उच्चभ्रू वर्तुळातली ही बाई, २९ जानेवारी १८९५ ला विवेकानंदांना पहिल्यांदा ऐकलं आणि पुढे तोच आपला खरा जन्मदिवस म्हणून सांगत राहिली, १८९८ ला भारतात आली, नंतर बेलूर मठात येऊन राहायची, आणि गंमत म्हणजे स्वतःला शिष्या नाही, स्वामीजींची मैत्रीण म्हणवायची. मला तर हेच सगळ्यात भारी वाटतं.

अडलंय कुठे, तर १८ एप्रिल १९०० चं कॅलिफोर्नियातल्या अलामेडाहून तिला लिहिलेलं पत्र, ज्यात स्वामीजी थकलेत आणि म्हणतात की मी अजून दक्षिणेश्वरच्या वडाखाली बसून रामकृष्णांचं बोलणं ऐकणारा तोच मुलगा आहे. इंग्रजी आहे माझ्याकडे, पण कट्ट्यावर सत्तरीच्या आज्या आहेत आणि माझा स्वतःचा अनुवाद अगदीच शाळकरी झालाय. नेटवर मॅक्लिऑड, मॅक्लाउड, मॅक्लॉइड सगळं टाकून पाहिलं. पत्रात तिला 'जो' म्हटलंय, आता मराठीत 'जो' सर्च केल्यावर काय येणार, सांगा! लायब्ररीत विवेकानंदांच्या समग्र साहित्याच्या मराठी ग्रंथावलीचे सुटे खंड आहेत, त्यात १९०० ची पत्रं नाहीत.

रविवारपर्यंत हवंय, मी पुण्यात आहे, विकत घ्यायलाही तयार आहे, पण एका पत्रासाठी अख्खा संच नको. तर नागपूरच्या रामकृष्ण मठाच्या मराठी ग्रंथावलीत हे पत्र नेमकं कितव्या खंडात आहे, आणि तो खंड सुटा मिळतो का?